हृदय वर, रक्त तळाला: ऊर्जेच्या जनुकांचा तक्ता कसा वाचायचा

मुंबईत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, जीटीईएक्सच्या डेटावरून मी मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या जनुकांचा हीटमॅप काढला. हृदय, मूत्रपिंड, स्नायू लालभडक आले आणि रक्त अगदी फिकं. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, मग इतका फरक कसा? जिथे एक्स्प्रेशन जास्त तिथेच मायटोकॉन्ड्रियाचे आजार होतात, असं प्रोजेक्टमध्ये लिहू का? आणि रुग्णाच्या रक्तावरून त्याच्या हृदयाचा अंदाज येईल का?"

इतर वाचकांसाठी आधी दोन शब्द: जीटीईएक्स म्हणजे माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींत कोणतं जनुक किती चालतं याचा मोठा डेटा, एक्स्प्रेशन म्हणजे जनुकावरून किती आरएनए निघतो ते, आणि हीटमॅप म्हणजे ते रंगांनी दाखवणारा तक्ता, जितका लाल तितकं जास्त. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. तसं लिहू नका, आणि रक्तावरून हृदयाचा अंदाज येणार नाही. का, ते खाली सांगते. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागेल.

तक्ता थोडा बाजूला ठेवा आणि सिटीलाइटच्या मासळी बाजारात जा. एक बांगडा घ्या आणि मावशींना त्याचे आडवे तुकडे करायला सांगा. प्रत्येक तुकड्यात, कातडीला लागून, अंगाच्या मधल्या रेषेजवळ दोन्ही बाजूंना गडद तांबडा, जवळजवळ तपकिरी पट्टा दिसेल. बऱ्याच जणांना ते साकळलेलं रक्त वाटतं आणि ते चोळून चोळून धुतात, पण तो पट्टा जात नाही, कारण तो स्नायूच आहे. बांगडा थव्याने सतत पोहत असतो. ते दिवसभराचं संथ पोहणं हा तांबडा पट्टा करतो, आणि बाकीचं फिकं मांस एकदम पळ काढायच्या वेळी कामाला येतं. पट्ट्याचा रंग ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनचा आणि मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम प्रथिनांचा. शेजारच्या टोपलीतल्या पापलेटात हा पट्टा अगदी बारीक असतो, आणि लांब पल्ल्याने पोहणाऱ्या कुप्याचं मांस बहुतेक सगळंच तांबूस. एकाच बांगड्याच्या एकाच तुकड्यात, बोटभर अंतरावर, डीएनए तोच आणि मायटोकॉन्ड्रियाचं प्रमाण मात्र कितीतरी वेगळं. तुमचा हीटमॅप हेच दाखवतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हा तुकडा पाहायला सांगते, कारण एकदा तो पाहिला की 'एक्स्प्रेशन' हा शब्द डोळ्यांसमोर येतो.

आता आकडे. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा गोल डीएनए १६,५६९ बेसांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, आहे. १९८१ साली केंब्रिजच्या गटाने तो पूर्ण वाचला. त्यात ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ ट्रान्सफर आरएनएची आणि २ रायबोसोमल आरएनएची. ती तेराही प्रथिनं ऊर्जेच्या यंत्राचेच भाग. पण त्या यंत्राच्या पाच कॉम्प्लेक्सचे, म्हणजे प्रथिनांच्या जुडग्यांचे, सगळे भाग मोजले तर संख्या नव्वदच्या आसपास जाते. म्हणजे उरलेले सारे भाग केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात बनतात आणि मग आत पोचवले जातात. एकट्या कॉम्प्लेक्स १ मध्ये ४५ भाग, त्यातले ७ घरचे. कॉम्प्लेक्स २ चे चारही बाहेरचे. यंत्राच्या पलीकडचं सगळं धरलं, तर मायटोकार्टा या यादीच्या तिसऱ्या आवृत्तीत माणसाची १,१३६ जनुकं आहेत.

तुमच्या हीटमॅपमध्ये 'एमटी' ने सुरू होणाऱ्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरच्या जनुकांच्या ओळी आणि बाकीच्या ओळी एकाच रंगपट्टीवर आहेत. इथेच पहिली चूक होते. हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत.

केंद्रकातल्या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रती पांढऱ्या पेशीत काहीशे, हृदयाच्या स्नायूपेशीत काही हजार, आणि पक्व स्त्रीबीजात लाखाच्या घरात. शिवाय हा डीएनए तुकड्यातुकड्याने वाचला जात नाही. दोन्ही धाग्यांवरून जवळजवळ सलग एक लांब आरएनए निघतो आणि ट्रान्सफर आरएनए जिथे जिथे आहेत तिथे तो कापला जातो. म्हणून तेराही जनुकं एकत्र वरखाली होतात. त्यांच्यातला आपापसातला फरक मुख्यतः कोणता तुकडा किती काळ टिकतो यावर ठरतो. एनडी६ हे एकच प्रथिन दुसऱ्या धाग्यावर आहे. त्याची ओळ बाकीच्यांहून फिकी दिसली तर घाबरू नका, ती तशीच दिसते.

केंद्रकातल्या जनुकांना मात्र हुकूम देणारे वेगळे. एनआरएफ१, जीएबीपी, ईआरआर-अल्फा ही प्रथिनं त्यांच्या सुरुवातीच्या भागावर बसतात आणि पीजीसी-१-अल्फा त्यांना जोर देतो. हा पीजीसी-१-अल्फा १९९८ साली तपकिरी चरबीत सापडला. व्यायामाने, थंडीने तो वाढतो. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सांभाळणारं टीफॅम हे प्रथिनही याच साखळीतून येतं, त्यामुळे दोन्ही हिशेब ढोबळमानाने जुळतात. ढोबळमानानेच, हे लक्षात असू द्या.

हृदयात किती जास्त? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या ऊतींमधल्या संदेशवाहक आरएनएपैकी मायटोकॉन्ड्रियाचा वाटा काढला होता. हृदयात तो ३० टक्क्यांच्या जवळ, आणि फुफ्फुस, पांढऱ्या पेशी, थायरॉइड अशा ठिकाणी ५ टक्क्यांच्या आसपास. ऊर्जेच्या खर्चाशी हे जुळतं. विश्रांतीच्या वेळी हृदय आणि मूत्रपिंड दोघंही किलोमागे दिवसाला साधारण ४४० किलोकॅलरी वापरतात, मेंदू २४०, यकृत २००. हातापायांचा स्नायू विश्रांतीत फक्त १३. मग तुमच्या तक्त्यात स्नायू इतका लाल का? कारण धावताना त्याची गरज कितीतरी पटींनी वाढते आणि यंत्र तेवढ्यासाठी तयार ठेवावं लागतं. एक्स्प्रेशन आजचा खर्च सांगतंच असं नाही. पुष्कळदा ते जास्तीत जास्त किती मागणी येऊ शकते हे सांगतं.

इथवरचा भाग पाठ्यपुस्तकातही सापडेल. मला तुम्हाला खरं दाखवायचं आहे ते पुढचं: प्रत्येक ऊतीत यंत्र केवळ कमीजास्त नसतं, त्याची घडणही वेगळी असते.

कॉम्प्लेक्स ४ घ्या. त्याच्या एका भागाची दोन जनुकं आहेत, कॉक्स६ए१ आणि कॉक्स६ए२. पहिलं यकृत, मेंदू, मूत्रपिंड असं सगळीकडे. दुसरं हृदय आणि स्नायूंत. कॉक्स७ए१ आणि कॉक्स७ए२ चंही तसंच, फक्त तिथे आकडे उलटे: ७ए१ हे हृदय-स्नायूंचं. नावातला १ म्हणजे सर्वसाधारण आणि २ म्हणजे खास, असं समजून कितीतरी विद्यार्थी फसतात. गर्भाच्या हृदयात आधी 'यकृती' रूपच जास्त असतं आणि जन्माच्या आगेमागे 'हृदयी' रूप त्याची जागा घेतं. म्हणून नवजात बाळाचं सॅम्पल आणि प्रौढाचं सॅम्पल एका गटात टाकू नये. कॉक्स४आय२ फुफ्फुसात उठून दिसतं, आणि रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड बॉडीतही. तिथे यंत्राचं एक काम ऑक्सिजन कमी झाल्याची खबर देणं हे आहे.

तपकिरी चरबीचं उदाहरण मला फार आवडतं. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात, श्वसनसाखळी भरपूर, पण एटीपी, म्हणजे पेशी वापरते ती तयार ऊर्जा, बनवणारं कॉम्प्लेक्स ५ मात्र तुटपुंजं. उंदरांत याचं कारण सापडलं आहे: कॉम्प्लेक्सच्या फिरत्या कड्याचा एक भाग बनवणारं एटीपी५एमसी१ हे जनुक तिथे मंद चालतं, आणि तो एक भाग कमी पडला की बाकी सगळे असूनही पूर्ण यंत्र जुळत नाही. ज्या प्रोटॉनांच्या ओघावर एटीपी बनायचं, ते यूसीपी१ हे प्रथिन तसेच आत सोडून देतं आणि उष्णता होते. तिथे सगळ्या जनुकांची सरासरी काढली, तर ही ऊती एटीपी बनवण्यात पहिली आहे असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा ठरेल.

वृषणाकडेही बघा. तुमच्या तक्त्यात तिथे काही विचित्र ओळी एकट्याच लाल झाल्या असतील: पीडीएचए२, एसएलसी२५ए३१, कॉक्स६बी२. साखर मोडून तयार होणाऱ्या पायरुवेटला पुढे ढकलणाऱ्या एन्झाइमचं नेहमीचं जनुक पीडीएचए१ हे एक्स गुणसूत्रावर आहे. शुक्राणू बनताना अर्धसूत्री विभाजनात एक्स गुणसूत्र बंद पडतं. मग त्या पेशींनी जगायचं कशावर? चार नंबरच्या गुणसूत्रावर त्याच जनुकाची एक प्रत आहे, तीच पीडीएचए२, आणि ती वृषणातच चालते. अशी एखादी ओळ समजली की हीटमॅपमधले रंग बोलायला लागतात. या तीन ओळींसाठी प्रोजेक्टमध्ये एक पूर्ण पान दिलंत तरी चालेल.

आता आकडेमोडीची अडचण. ही सर्वांत महत्त्वाची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तक्त्यातला आकडा टीपीएममध्ये असतो, म्हणजे सॅम्पलमधल्या दर दहा लाख आरएनएंपैकी त्या जनुकाचे किती. समजा केंद्रकातल्या एखाद्या जनुकाचा केंद्रकातून आलेल्या आरएनएमधला वाटा हृदयात आणि फुफ्फुसात अगदी सारखा आहे, दहा लाखांत १,०००. हृदयात दहा लाखांपैकी ३ लाख मायटोकॉन्ड्रियाचे, उरले ७ लाख. त्या जनुकाला मिळाले ७००. फुफ्फुसात ५० हजार गेले, उरले साडेनऊ लाख, त्याला मिळाले ९५०. जनुकात काहीच फरक नसताना तुमच्या तक्त्यात ते हृदयात २६ टक्क्यांनी कमी. आता अशी हजारो जनुकं एकदम 'कमी' झालेली दिसतील आणि कुणीतरी त्यावर परिच्छेदभर स्पष्टीकरण लिहील. रक्तातही हाच प्रकार, फक्त तिथे वाटा खाणारी जनुकं हिमोग्लोबिनची असतात. म्हणून एमटी जनुकं आणि रक्तासाठी ग्लोबिन बाजूला काढून उरलेल्यांचं प्रमाण नव्याने काढा, एमटीचा वाटा वेगळ्या आलेखात दाखवा, आणि दोन्ही केलं आहे हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा.

त्याच वेळी खोट्या जनुकांकडेही लक्ष द्या. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे जुने तुकडे केंद्रकात जाऊन चिकटलेले आहेत. एक नंबरच्या गुणसूत्रावरचा एक तुकडा तर सहा हजार बेसांच्या जवळ जातो. एमटीएटीपी६पी१, एमटीसीओ१पी१२ अशा नावांच्या ओळी त्याच्याच. नावात शेवटी 'पी' आणि आकडा दिसला तर ती ओळ खोट्या जनुकाची आहे का ते पाहा आणि असेल तर गाळा; यूसीपी१ सारखी खरी जनुकंही तशीच संपतात.

एकेका पेशीचा डेटा वापरणार असाल तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मूत्रपिंडाचं सॅम्पल होतं. ज्या पेशीत एमटीचा वाटा ५ टक्क्यांहून जास्त, ती मेलेली समजून गाळायची, असा नियम मी शिकले होते आणि तसाच लावला. दोन आठवडे आम्ही शोधत होतो की प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीलगतच्या नळीच्या, पेशी गेल्या कुठे. मूत्रपिंडात जिचं काम सर्वांत जड, जी साखरेपेक्षा मुख्यतः मेदाम्लं जाळून चालते, तीच पेशी मी गाळणीत टाकून दिली होती. ५ टक्क्यांचा नियम रक्ताच्या पेशींवर बेतलेला होता. प्रत्येक ऊतीसाठी आधी वाटप पाहा, मग रेघ मारा. हृदयाच्या स्नायूपेशी तर आकारानेच इतक्या मोठ्या की त्यांच्याऐवजी बहुतेक वेळा नुसती केंद्रकं वापरतात, आणि तिथे सापडणारा एमटी आरएनए बाहेरून चिकटलेला असतो. त्यावरून हृदयाची ऊर्जा मोजू नका.

आणि 'मूत्रपिंड' म्हणजे तरी कोणता भाग? बाहेरचा कॉर्टेक्स मायटोकॉन्ड्रियाने गच्च असतो. आतला मेडुला कमी ऑक्सिजनवर, पुष्कळसा ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडून, जगतो. जीटीईएक्सच्या आठव्या आवृत्तीत ५४ प्रकारची मिळून १७,३८२ सॅम्पल्स आहेत, पण मेडुलाची फक्त ४. त्या चारांवर निष्कर्ष उभा करू नका. ही सगळी सॅम्पल्स बहुतांशी मृत्यूनंतर घेतलेली आहेत, तेव्हा मृत्यू आणि सॅम्पल यांमधला वेळ विश्लेषणात धरायलाच हवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आजारांचा. जिथे एक्स्प्रेशन जास्त तिथे आजार, हे ऐकायला पटतं. पण टीके२ चं उदाहरण बघा. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बनवायला थायमिडीन हा कच्चा माल लागतो, आणि तो वापरण्याजोगा करणारी एन्झाइम्स म्हणजे टीके१ आणि टीके२. विभाजन होणाऱ्या पेशी तो पेशीद्रवातल्या टीके१ कडून घेतात. स्नायूपेशी विभाजत नाही, तिचा टीके१ बंद, तिला मायटोकॉन्ड्रियातला टीके२ हाच एक आधार. आणि स्नायूत टीके२ चं काम मुळातच कमी असतं. २००१ साली टीके२ मधल्या दोषाने लहान मुलांत स्नायूंचा गंभीर आजार होतो हे दाखवलं गेलं. त्याच वर्षी त्याच्या भावंडासारख्या डीजीयूओके या जनुकातला दोष यकृत निकामी करतो हेही कळलं. म्हणजे जनुक जिथे जोरात चालतं तिथे घाव बसेलच असं नाही. जिथे गरज मोठी, पुरवठा बेताचा आणि पर्याय नाही, तिथे तो बसतो. लेबर या वारशाने दृष्टी घालवणाऱ्या आजारात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या ११७७८ या जागेचा बदल बहुतेकदा अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, पण दृष्टी जाते ती डोळ्याच्या पडद्यातल्या (रेटिनातल्या) गँगलियन पेशींमुळे. हृदय आणि स्नायू सहसा बचावतात. तुमच्या हीटमॅपमध्ये याचं कारण दिसणार नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये एक्स्प्रेशनच्या ओळीशेजारी त्याच कामाचं दुसरं जनुक त्या ऊतीत आहे का, ही ओळ ठेवा. मला ती जास्त मोलाची वाटते.

तिसरा प्रश्न रुग्णांचा आहे, म्हणून जपून लिहिते. पक्व तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच. पांढऱ्या पेशींत थोडे. प्लेटलेटमध्ये असतात, पण तिला केंद्रक नाही, त्यामुळे सॅम्पलमध्ये प्लेटलेट जास्त राहिल्या तर 'प्रत्येक केंद्रकामागे प्रती' हा आकडा उगाच फुगतो. रक्तातल्या आकड्यावरून हृदयाबद्दल काही सांगणं हे पापलेटच्या पांढऱ्या तुकड्यावरून बांगड्याच्या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

निदानातही हे घडतं. मुंबईतल्या एका रुग्णालयातून आमच्याकडे एका मुलाचा प्रश्न आला होता. त्याला वारंवार झटके येत, आणि रक्तात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या ३२४३ या जागेचा बदल सापडला. १९९० साली मेलास या मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराशी जोडला गेलेला तो हाच. आईची रक्ततपासणी मात्र साफ आली, आणि 'आईकडून आलेलं नाही' असं घरात बोललं जाऊ लागलं. त्या माऊलीला मधुमेह होता आणि ऐकू कमी येत होतं. हा बदल रक्तातून वयानुसार कमी होत जातो. तिच्या सकाळच्या लघवीतल्या पेशी तपासल्या तेव्हा तो स्पष्ट दिसला. घरच्यांना हे समजावून सांगायला दोन तास लागले, कारण आई स्वतःला दोष देत होती आणि तिचा काहीही दोष नव्हता. धाकट्या मुलीच्या तपासणीचा निर्णय त्यावर अवलंबून होता. तेव्हापासून नुसत्या रक्ताच्या अहवालावर कुणी मला मत विचारलं, तर मी आधी विचारते: लघवीचं सॅम्पल आहे का, स्नायूचं आहे का, आईला ऐकू कसं येतं?

तुमच्या कामाकडे परत येते. आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे, हे प्रोजेक्टमध्ये एका वाक्यात लिहा. कॉम्प्लेक्समध्ये न जुळलेले सुटे भाग पेशी मोडून टाकते, त्यामुळे एका भागाचा आरएनए दुप्पट झाला म्हणून यंत्र दुप्पट होत नाही. शक्य असेल तर त्याच ऊतींचा प्रथिनांचा डेटा शेजारी लावा.

आणि सगळ्याच्या आधी एक छोटी तपासणी करा. प्रत्येक सॅम्पलसाठी कॉक्स६ए२ भागिले कॉक्स६ए१ हे गुणोत्तर काढा. हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) आणि हातापायांच्या स्नायूंच्या सॅम्पलमध्ये ते उंच यायला हवं, यकृत आणि रक्तात जवळजवळ शून्य. एखादं 'यकृत' उंच आलं किंवा एखादं 'हृदय' शून्यावर बसलं, तर जीवशास्त्रीय कारण शोधण्याआधी ट्यूबवरची चिठ्ठी आणि फाइलमधला कॉलम पुन्हा जुळवून बघा.